एम.एससी. झालंय, आता शाळेत कायम शिक्षक व्हायचंय: बी.एड.पासून शालार्थ आयडीपर्यंत

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणाऱ्या ऐरोलीत राहतात. दहावीपर्यंत मराठी माध्यम, पुढे मुंबई विद्यापीठातून बी.एससी. ५२ टक्के आणि रसायनशास्त्रात एम.एससी. ५६ टक्के. दोन वर्षं खासगी क्लासमध्ये नववी-दहावीला विज्ञान शिकवतात. आता माध्यमिक शाळेत कायमची नोकरी हवी आहे. त्यासाठी काय करायचं, किती वेळ लागेल, टीईटी (शिक्षक पात्रता परीक्षा) लागते का, पवित्र पोर्टल (शिक्षक भरतीचं शासकीय संकेतस्थळ) कुठे येतं, आणि एका संस्थेचे लोक "आत्ता रुजू व्हा, बी.एड. नंतर करा, मान्यता आणून देऊ" म्हणत आहेत ते धरावं का, असं त्यांनी विचारलं आहे.

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण त्यात पैसे आणि वर्षं दोन्ही जातात. धरू नका. माध्यमिक शिक्षकाच्या पदाला बी.एड. ही किमान अर्हता आहे, सवडीने पुरी करायची अट नाही. बी.एड. नसताना झालेल्या नेमणुकीला शिक्षणाधिकाऱ्यांची वैयक्तिक मान्यता, म्हणजे त्या शिक्षकाच्या नावाने मिळणारी शासकीय मंजुरी, मिळत नाही. शिवाय खासगी शाळांच्या १९८१च्या सेवाशर्ती नियमावलीत माध्यमिक शिक्षकांची सेवाज्येष्ठता प्रवर्गांत मोजली जाते, आणि पदवीधर प्रशिक्षितांच्या 'क' प्रवर्गात नाव लागतं ते प्रशिक्षण पूर्ण झाल्यावर. अप्रशिक्षित म्हणून काढलेली वर्षं तिथे उपयोगी पडत नाहीत. तुमच्यानंतर आलेला पण बी.एड. असलेला सहकारी ज्येष्ठ ठरतो.

आता मूळ गोष्ट. आपल्याकडे शिक्षकाचं "लायसन्स" म्हणून एकच कागद नसतो. तीन वेगळ्या गोष्टी तीन वेगळ्या ठिकाणांहून येतात: अर्हता विद्यापीठाकडून, म्हणजे राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेची (एनसीटीईची) मान्यता असलेल्या महाविद्यालयातलं बी.एड.; निवड राज्य परीक्षा परिषदेच्या चाचण्या आणि पवित्र पोर्टलमधून; मान्यता शिक्षणाधिकारी कार्यालयातून. बहुतेकांचा घोटाळा होतो तो या तीन गोष्टी एकच समजल्यामुळे. बी.एड.चं प्रमाणपत्र हातात असून निवड नाही, किंवा नेमणूक आहे पण मान्यता नाही, असे लोक ठाणे जिल्ह्यात भरपूर भेटतील.

म्हणून बी.एड.चा अर्ज भरण्याआधी कोणत्या इयत्तांचं पद हवं आहे ते ठरवा. पहिली ते पाचवी तुमच्यासाठी बंद आहे: ११ ऑगस्ट २०२३च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर प्राथमिक वर्गांना बी.एड. चालत नाही, तिथे डी.एड. किंवा डी.एल.एड. लागतं. सहावी ते आठवीला पदवी, बी.एड. आणि टीईटी किंवा सीटीईटीचा (केंद्रीय शिक्षक पात्रता परीक्षेचा) दुसरा पेपर. नववी-दहावीला पदवी किंवा पदव्युत्तर पदवी यांपैकी एकीत ५० टक्के आणि बी.एड. अकरावी-बारावीला त्याच विषयात ५० टक्क्यांसह पदव्युत्तर पदवी आणि बी.एड. तुम्ही शेवटच्या तिन्ही गटांत बसता. एम.एससी.चा खरा फायदा हाच. नववी-दहावीच्या निवडीत एम.एससी.चे वेगळे गुण मिळतील अशी अपेक्षा मात्र ठेवू नका, तिथे क्रम चाचणीच्या गुणांवर लागतो.

विषयाचा मुद्दा लोक सगळ्यात हलका धरतात, आणि तिथेच अडतात. शाळेत पद निघतं ते विषयगटाचं: भाषा, गणित-विज्ञान, सामाजिक शास्त्रं. एम.कॉम. झालेल्यांना दहावीपर्यंत वाणिज्य हा विषयच नसतो, त्यामुळे त्यांनी पहिल्यापासून कनिष्ठ महाविद्यालय डोळ्यापुढे ठेवावं. मानसशास्त्र, तत्त्वज्ञान, समाजशास्त्र घेऊन एम.ए. झालेल्यांचीही तीच अडचण. पदवीला इतिहास, भूगोल किंवा भाषा दुय्यम विषय म्हणून होती का, हे त्यांनी गुणपत्रिका काढून पाहावं. तुमच्याकडे रसायनशास्त्र असल्याने विज्ञानाचा प्रश्न नाही. गणिताचा आहे. बी.एससी.च्या पहिल्या किंवा दुसऱ्या वर्षाला गणित होतं का ते बघा. असेल तर बी.एड.ला अध्यापन पद्धती म्हणून विज्ञानासोबत गणित घ्या. छोट्या शाळेत एकाच शिक्षकाकडे दोन्ही विषय येतात आणि मुख्याध्यापकांना तसाच माणूस हवा असतो. केंद्रीय विद्यालयांचा विचार असेल तर जाहिरातीतली विषयांची जोडी शब्दशः वाचा. तिथल्या प्रशिक्षित पदवीधर विज्ञान शिक्षकाच्या पदाला पदवीला वनस्पतीशास्त्र, प्राणीशास्त्र आणि रसायनशास्त्र मागितलेलं असतं. भौतिक-रसायन घेऊन पदवी झालेल्याचा अर्ज तिथे अडू शकतो. त्याच शाळांत रसायनशास्त्राच्या पदव्युत्तर शिक्षकाच्या पदाला मात्र तुमचं एम.एससी. आणि बी.एड. थेट लागू पडतं.

माध्यमाचंही आत्ताच ठरवा. तुमची दहावी मराठी माध्यमातून आणि पदवी इंग्रजीतून. दोन्हीकडे दार उघडं राहण्याची ही चांगली स्थिती आहे. बी.एड. इंग्रजी माध्यमातून करायचं असेल तर बी.एड.च्या प्रवेश परीक्षेच्या, म्हणजे सीईटीच्या, अर्जात ईएलसीटी, म्हणजे इंग्रजी भाषेची जोडचाचणी, निवडायला विसरू नका. ती नंतर जोडता येत नाही. माझं मत विचाराल तर नवी मुंबईत राहणाऱ्याने ती द्यावीच. इथल्या स्वयंअर्थसहाय्यित शाळा बहुतांश इंग्रजी माध्यमाच्या आहेत आणि पवित्रमधून निवड होईपर्यंतचा काळ तुम्हाला तिथेच काढावा लागण्याची शक्यता मोठी आहे.

प्रवेशाबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. राज्य सामाईक प्रवेश परीक्षा कक्ष बी.एड.ची सीईटी घेतो, सहसा मार्चमध्ये. १०० प्रश्न, ९० मिनिटं: बौद्धिक क्षमता ४०, सामान्य ज्ञान ३०, अध्यापन अभिवृत्ती ३०. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, त्यामुळे एकही प्रश्न सोडू नका. खुल्या प्रवर्गाला पदवी किंवा पदव्युत्तर पदवीत ५० टक्के, महाराष्ट्रातल्या राखीव प्रवर्गांना ४५. महिनाभराची नीट तयारी पुरते. प्रवेश हुकतात ते कागदांमुळे: जात वैधता प्रमाणपत्र नाही, नॉन-क्रिमिलेअरची मुदत संपलेली, लग्नानंतर नाव बदललं पण राजपत्र नाही, अधिवास प्रमाणपत्र काढायचं राहिलं. नावाचं विशेष लक्षात ठेवा. दहावीच्या प्रमाणपत्रावरचं नाव, पदवीवरचं नाव आणि आधारवरचं नाव यांत एका अक्षराचा फरक असला तरी आजच दुरुस्त करून घ्या. हाच फरक चार वर्षांनी शालार्थच्या, म्हणजे शिक्षकांच्या सरकारी पगाराच्या प्रणालीच्या, टेबलावर पुन्हा उभा राहतो. दहावी-बारावीच्या प्रमाणपत्रातली दुरुस्ती असेल तर मुंबई विभागीय मंडळाचं कार्यालय वाशीलाच आहे, पण प्रस्ताव मूळ शाळेमार्फत जातो, थेट जाऊन काम होत नाही.

महाविद्यालय निवडताना जवळचं की नावाचं, असा प्रश्न पडतो. ऐरोलीहून ट्रान्स-हार्बरने ठाणे आणि पनवेल दोन्ही बाजू सोप्या आहेत. पुढे उल्हासनगर-कल्याण, विद्याविहार, चर्चगेट, नवीन पनवेल इथे महाविद्यालयं आहेत. दोन गोष्टी बघा. एक, एनसीटीईचा मान्यता आदेश आणि त्यातली प्रवेशक्षमता. एक तुकडी ५० विद्यार्थ्यांची असते. ज्या वर्षी तुम्ही शिकणार आहात त्या वर्षी मान्यता चालू हवी, दहा वर्षांपूर्वीचा आदेश भिंतीवर लावलेला असून भागत नाही. दोन, आंतरवासितेसाठी, म्हणजे शाळेतल्या प्रत्यक्ष सरावासाठी, ते कोणत्या शाळांत पाठवतात. शाळा कोणती हे इमारतीपेक्षा फार महत्त्वाचं आहे. तिथले मुख्याध्यापक पुढे तुमचा पहिला संदर्भ असतात. शुल्क किती, हे शुल्क नियामक प्राधिकरणाने ठरवलेल्या आकड्याशी ताडून घ्या आणि शिष्यवृत्तीचा अर्ज शासनाच्या महाडीबीटी पोर्टलवर पहिल्याच मुदतीत भरा.

"एका वर्षाचं बी.एड." अशा जाहिराती दिसतात. २०१५ पासून बी.एड. दोन वर्षांचं आहे. पदव्युत्तर किंवा चार वर्षांची पदवी असलेल्यांसाठी एका वर्षाच्या अभ्यासक्रमाची तरतूद एनसीटीईने फेब्रुवारी २०२५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या नियमांच्या मसुद्यात होती. मसुद्यावर कोणी प्रवेश देत असेल तर पैसे भरू नका. त्या महाविद्यालयाच्या नावाने, त्या अभ्यासक्रमाचा मान्यता आदेश दाखवा म्हणावं. मुक्त विद्यापीठाचं दूरस्थ बी.एड. आधीच डी.एड. वगैरे प्रशिक्षण झालेल्यांसाठी आहे, तुमच्यासाठी नाही. आणि "हजेरी नको, फक्त परीक्षेला या" हा प्रकार तर पूर्ण टाळा. नियमाने विषयांच्या तासिकांना ८० टक्के आणि आंतरवासितेला ९० टक्के हजेरी लागते. एकाच काळातला पूर्णवेळ नोकरीचा अनुभव दाखला आणि नियमित बी.एड. असे दोन कागद पडताळणीत शेजारी-शेजारी आले की दोन्हींवर शंका येते. तुमचा क्लास संध्याकाळचा असेल तर चालू ठेवा, पण त्या काळाचा पूर्णवेळ अनुभवाचा दाखला घेऊ नका.

आता बी.एड.च्या आतलं. क्लासमधून आलेल्यांना हे दोन वर्षांचं ओझं वाटतं, आणि खरा फरक नेमका इथेच पडतो. क्लासमध्ये तुम्ही उत्तर देता, शाळेत उत्तर काढून घ्यायचं असतं. पहिल्या सत्रातल्या सूक्ष्म अध्यापनाकडे म्हणून गांभीर्याने बघा. एकच कौशल्य घेऊन सहा मिनिटांचा पाठ, सहा मिनिटं प्रत्याभरण (फीडबॅक), बारा मिनिटं फेरनियोजन, पुन्हा सहा मिनिटं पाठ आणि पुन्हा सहा मिनिटं प्रत्याभरण, असं ३६ मिनिटांचं चक्र असतं. सज्जता प्रवर्तन (वर्गाला धड्यासाठी तयार करणं), प्रश्न कौशल्य, स्पष्टीकरण, फलक लेखन, प्रबलन (उत्तराला दाद देणं), चेतक बदल (आवाज-हालचाल बदलून लक्ष टिकवणं) ही त्यातली नेहमीची कौशल्यं. बहुतेक जण पहिला पाठ घेतात आणि फेरपाठाला तेच पुन्हा म्हणतात. मग चक्राचा उपयोग शून्य. प्रत्याभरणात "प्रश्न विचारून स्वतःच उत्तर दिलंत" असं कोणी म्हटलं, तर फेरपाठात प्रश्नानंतर मनात तीन आकडे मोजून थांबायचं, मगच नाव घ्यायचं. आधी प्रश्न, मग विराम, मग नाव. आधी नाव घेतलं की उरलेला वर्ग सुटतो.

उदाहरण तुमच्याच विषयाचं घेऊ. नववीला आम्ल, आम्लारी व क्षार. क्लासमधली सवय म्हणजे व्याख्या फळ्यावर, मग अभिक्रिया, मग प्रश्नपत्रिकेतले प्रश्न. शाळेतल्या ३५ मिनिटांच्या तासिकेत पहिली पाच मिनिटं मुलांना माहीत असलेल्यावर जावीत: हळदीच्या डागावर साबण लागला की तो लाल का होतो? मग लिंबाचा रस, चुन्याची निवळी आणि मिठाचं पाणी यांच्यावर लिटमसची कृती, निरीक्षण तक्ता मुलांच्याच वहीत, आणि आम्ल-आम्लारी हे शब्द त्यानंतर. शेवटची पाच मिनिटं मूल्यमापनाची. फळ्यावर डावीकडे मुद्दे, मध्ये आकृती किंवा तक्ता, उजवीकडे नवे शब्द, आणि तास संपल्यावर फळा वाचून धडा कळला पाहिजे. वेळ जातो तो कृतीत. साहित्य आधी मोजून ट्रेमध्ये लावलं नसेल तर पंधरा मिनिटं पाणी आणण्यात जातात आणि मूल्यमापन राहून जातं. पाठ फसण्याचं हे सगळ्यात नेहमीचं कारण आहे. पाठ टाचणात उद्दिष्टांच्या समोर "विद्यार्थी समजून घेतो" असं मोघम लिहू नका. "विद्यार्थी तीन द्रावणांचं लिटमसवरून वर्गीकरण करतो" असं मोजता येईल असं लिहा. निरीक्षक प्राध्यापक आधी तेच बघतात.

आंतरवासिता दोन वर्षांत मिळून किमान २० आठवड्यांची. सराव पाठांची संख्या भरली की झालं, असं समजू नका. या आठवड्यांत शाळेचं दप्तर शिकून घ्या: हजेरीपट, घटक नियोजन, घटक चाचणीचा संविधान तक्ता (कोणत्या भागाला किती गुण याचा आराखडा), दहावीच्या अंतर्गत मूल्यमापनाच्या नोंदी. राज्य मंडळाच्या दहावीला विज्ञानाचे दोन पेपर ४०-४० गुणांचे आणि २० गुण अंतर्गत. हे २० गुण कोणत्या प्रयोगाला, कोणत्या नोंदीवर दिले, हे विचारलं की नवख्या शिक्षकाची पंचाईत होते. मुख्याध्यापकांना सांगून एखादी घटक चाचणी स्वतः काढा, तपासा, निकालाचं विश्लेषण करा. ती फाईल जपून ठेवा, मुलाखतीत दाखवण्यासारखी वस्तू ती आहे.

दुसऱ्या वर्षीच टीईटी आणि सीटीईटी आटपा. नववी-दहावीच्या पदाला कायद्याने टीईटी लागत नाही, कारण टीईटीची अट शिक्षण हक्क कायद्याच्या पहिली ते आठवीच्या कक्षेतून आली आहे. तरीही द्या. आपल्याकडच्या शाळा बऱ्याचदा पाचवी ते दहावी असतात, पद सहावी ते आठवीचं निघालं तर टीईटीशिवाय तुम्ही बादच. आणि १ सप्टेंबर २०२५च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने, निवृत्तीला पाच वर्षांहून जास्त काळ उरलेल्या कार्यरत शिक्षकांनाही टीईटीसाठी दोन वर्षांची मुदत दिली, त्यामुळे ही अट सैल होईल असं धरून चालू नये. पेपर दोन १५० गुणांचा, १५० मिनिटांचा: बालमानसशास्त्र व अध्यापनशास्त्र ३०, दोन भाषा ३०-३०, आणि तुमच्यासाठी गणित-विज्ञान ६०. उत्तीर्ण होण्यासाठी खुल्या प्रवर्गाला ६० टक्के म्हणजे ९० गुण. विज्ञानवाले पडतात ते विज्ञानात नाही, भाषेत आणि पाचवी-आठवीच्या भूमितीत. प्रमाणपत्राची वैधता आता आजन्म आहे. पुण्याची महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद महाटीईटी घेते, सीबीएसई सीटीईटी घेते. दोन्हींचे अर्ज भरा, कुठली आधी होईल याचा भरवसा नसतो. गुण वाढवून देणाऱ्यांच्या नादी लागू नका. २०१९-२०च्या टीईटीतल्या गैरप्रकारात साडेसात हजारांहून जास्त उमेदवारांचे निकाल रद्द झाले आणि त्यांना पुढच्या टीईटीलाही कायमची बंदी झाली.

खरी निवड ठरवणारी परीक्षा वेगळी आहे: शिक्षक अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी, जिला सगळे टेट म्हणतात. टीईटी पात्रतेची, टेट स्पर्धेची. २०० प्रश्न, १२० मिनिटं. अभियोग्यता १२०, बुद्धिमत्ता ८०. उत्तीर्ण-अनुत्तीर्ण नाही, फक्त गुण. वेळ हाच इथला शत्रू: एका प्रश्नाला ३६ सेकंद. तर्क आणि गणिताचे सोपे प्रश्न आधी उचलायचे, अडलेल्यावर थांबायचं नाही, शेवटच्या दोन मिनिटांत उरलेले सगळे भरून टाकायचे, कारण गुण कापत नाहीत. ही चाचणी आजवर २०१७, २०२३ आणि २०२५ अशी झाली. मधली दरी बघा. म्हणून बी.एड. पूर्ण होण्याची वाट न बघता, शेवटच्या वर्षाला बसू देत असतील तर बसाच. २०२५ला तसं बसू दिलं होतं. निकालानंतर प्रमाणपत्र सादर करायची मुदत मात्र छोटी असते, विद्यापीठाचा निकाल लांबला तर रोज पाठपुरावा करावा लागतो.

चाचणीनंतर पवित्र पोर्टलवर स्व-प्रमाणपत्र भरायचं. इथे भरलेली माहिती हीच तुमची अर्जातली साक्ष. पदवीचे विषय, टक्के, बी.एड.च्या अध्यापन पद्धती, माध्यम, आरक्षण, सगळं मूळ कागद समोर ठेवून भरा. एम.एससी.चे टक्के बी.एससी.च्या रकान्यात, श्रेणीचं टक्केवारीत चुकीचं रूपांतर, अशा चुका कागदपत्र पडताळणीत सापडतात आणि शिफारस झालेली जागा जाते. मग पसंतीक्रम. मुलाखतीशिवायच्या यादीत जिल्हा परिषद, महापालिका आणि काही खासगी संस्था असतात. मुलाखतीसह यादीत खासगी अनुदानित संस्था. अल्पसंख्याक संस्था बहुधा पवित्रच्या बाहेर स्वतः जाहिरात देऊन भरतात, त्यामुळे ठाण्यातल्या अशा शाळांच्या जाहिरातींवर वेगळं लक्ष ठेवा.

पसंतीक्रम भरताना दोन गोष्टी बघायच्या: अनुदानाचा टक्का आणि गाव. अंशतः अनुदानित शाळांना २०, ४०, ६० अशा टप्प्यांनी अनुदान मिळतं. वीस टक्के अनुदानाच्या शाळेत शासनाकडून वेतन वीस टक्क्यांपुरतंच येतं, उरलेलं संस्था देते की नाही हे आधी विचारून घ्या. गावाबद्दल स्पष्ट सांगतो: ठाणे आणि नवी मुंबई शहरात मराठी माध्यमाच्या अनुदानित शाळांची पटसंख्या घटली आहे, संचमान्यतेत, म्हणजे पटावरून शाळेची पदं मंजूर करताना, पदं कमी होतात, आणि जी रिकामी होतात तिथे आधी दुसऱ्या शाळेत जागा गेलेल्या अतिरिक्त शिक्षकांचं समायोजन होतं. शहापूर, मुरबाड, भिवंडीच्या ग्रामीण भागातल्या शाळा पसंतीक्रमात घाला. शहापूर प्रकल्पाच्या आश्रमशाळांची भरती आदिवासी विकास विभाग वेगळी करतो, तीही बघा. "फक्त नवी मुंबई" असं लिहून बसणारे पाच-सहा वर्षं बसून राहतात.

निवड झाली की पहिली तीन वर्षं शिक्षणसेवक. १ जानेवारी २०२३पासून माध्यमिकला महिना १८,००० आणि उच्च माध्यमिकला २०,००० रुपये मानधन आहे. तीन वर्षांची सेवा समाधानकारक झाली की वेतनश्रेणी, माध्यमिकला सातव्या आयोगात मूळ वेतन ३८,६०० पासून. मधली तीन वर्षं भाड्याच्या घरात कशी काढायची याचा हिशेब आधी करा.

खासगी अनुदानित शाळेत रुजू होताना नेमणुकीचा आदेश नियमावलीतल्या 'अनुसूची ड'च्या नमुन्यात, तारखेसह आणि पदाच्या प्रवर्गासह घ्या. त्यासोबत संस्थेचा ठराव, रुजू अहवाल, त्या वर्षाची संचमान्यता, मागासवर्ग कक्षाने तपासलेली बिंदुनामावली (कोणतं पद कोणत्या आरक्षणाचं याची नोंद). आपल्या विभागाचा हा कक्ष बेलापूरला कोकण भवनात आहे. या सगळ्याची एकेक प्रत स्वतःकडे ठेवा. शाळा हा प्रस्ताव शिक्षणाधिकारी (माध्यमिक) यांच्याकडे वैयक्तिक मान्यतेसाठी पाठवते. नवी मुंबईकरांचा इथे नेहमी गोंधळ होतो: दिघा, ऐरोली, घणसोली, कोपरखैरणे, वाशी, नेरुळ, बेलापूर हे ठाणे जिल्ह्यात, तर खारघर, कळंबोली, कामोठे, पनवेल रायगड जिल्ह्यात. खारघरच्या शाळेची मान्यता ठाण्यात शोधत फिरू नका, ती रायगडच्या शिक्षणाधिकाऱ्यांकडे, अलिबागला. मान्यता मिळाल्यावर विभागीय स्तरावरून शालार्थ आयडी, आणि त्यानंतरच शासनाचा पगार खात्यात. दरम्यान सहा-आठ महिने गेले तर घाबरू नका, पण प्रस्तावाचा आवक क्रमांक मागून घ्या आणि त्रुटीपत्र आलं का ते शाळेत दर पंधरवड्याला विचारा. त्रुटीपत्र कारकुनाच्या कपाटात राहतं आणि शिक्षकाला वाटतं फाईल कार्यालयात आहे.

जुन्या तारखेची नेमणूक दाखवून मान्यता देऊ, असं कोणी म्हटलं तर तिथून उठा. मे २०१२पासून राज्यात भरतीवर बंदी होती, म्हणून "त्याआधीचा आदेश" विकण्याचा धंदा चालला. २०२५ मध्ये नागपूर विभागात बनावट शालार्थ आयडींचं प्रकरण उघड झाल्यावर जुन्या मान्यतांचे कागद पुन्हा तपासायला घेतले गेले. अशा नोकरीत वसुली आणि फौजदारी गुन्हा दोन्ही शिक्षकाच्या अंगावर येतात.

पवित्रची वाट बघताना इंग्रजी माध्यमाच्या स्वयंअर्थसहाय्यित शाळा पकडा. त्यांची भरती फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये होते, अर्ज थेट मुख्याध्यापकांच्या कार्यालयात द्यायचा. पगार प्रत्येक शाळेचा वेगळा. विचारायचं ते हे: बारा महिन्यांचा आहे की दहा, भविष्य निर्वाह निधी कापतात का, मूळ प्रमाणपत्रं ठेवून घेतात का. मूळ प्रमाणपत्रं कधीही देऊ नका, साक्षांकित प्रती द्या. ठाणे आणि नवी मुंबई महापालिकांच्या शाळांत ठोक मानधनावर किंवा तासिका तत्त्वावर घेतात तेव्हा जाहिरात बहुधा जून-जुलैच्या आसपास येते. नवी मुंबई महापालिकेच्या सीबीएसई शाळाही आहेत. अशा नेमणुका वर्षापुरत्या असतात, त्यातून कायम हक्क येत नाही, पण वर्गाचा सराव राहतो.

डेमो पाठात क्लासवाल्यांची ओळख दोन मिनिटांत पटते: पाठ फळ्याकडे तोंड करून सुरू होतो आणि वीस मिनिटांत प्रकरण संपतं. डेमोला एकच छोटा घटक घ्या. दहावीचं "मूलद्रव्यांचे आवर्ती वर्गीकरण" दिलं असेल तर पूर्ण आवर्तसारणी नको, फक्त डोबेरायनरची त्रिकं घ्या. लिथियम, सोडियम, पोटॅशियमची अणुवस्तुमानं साधारण ७, २३, ३९ मुलांना द्या आणि पहिल्या-तिसऱ्याची सरासरी त्यांच्याकडूनच काढून घ्या. २३ आले की वर्ग स्वतः बोलायला लागतो. मग ही रचना सगळ्या मूलद्रव्यांना का लागू झाली नाही, हा प्रश्न टाकून थांबा.

तुमच्यासाठी हिशेब मांडायचा तर: येत्या जानेवारी-फेब्रुवारीत सीईटीचा अर्ज, ईएलसीटीसह, मार्चमध्ये परीक्षा, तोवर नाव, अधिवास, जात वैधतेचे कागद. प्रवेश प्रक्रिया सुरू व्हायला उन्हाळा जातो आणि कधी वर्ग सप्टेंबरपर्यंत लांबतात, त्यामुळे क्लासची नोकरी मार्चमध्येच सोडू नका. दोन वर्षांत चार सत्रं, तिसऱ्या सत्रात सीटीईटी आणि महाटीईटी, आणि टेटची घोषणा झाली तर कोणत्याही सत्रात तयारी असू द्या. बी.एड.चा निकाल अर्जापासून साधारण अडीच वर्षांनी हातात येतो. त्या संस्थेच्या लोकांना कळवून टाका की तेव्हा पद असेल आणि पवित्रवर जाहिरात निघाली तर रीतसर अर्ज कराल.